काचेला गाठ मारणारा माणूस

आमच्या इमारतीच्या जिन्यात कॅमेरा बसला, त्या दिवसापासून हिराजी भोईर बारा महिने छत्री उघडून जिना चढतो. जिन्यात पाऊस पडत नाही. ऊनही येत नाही. बिल्डरने त्याची पक्की व्यवस्था करून ठेवली आहे. तरीही पहिल्या मजल्याच्या वळणावर आला की हिराजी काखेतली काळी छत्री फटकन उघडतो, तोंडापुढे धरतो, कॅमेऱ्याखालून जातो आणि चार पायऱ्या वर गेल्यावर मिटतो.

मागे गच्चीवरच्या टाकीचा पितळी नळ चोरीला गेला, तेव्हा सोसायटीच्या कमिटीने आठवडाभराचं चित्रण बसून पाहिलं. चोर सापडला नाही. रोज सकाळी एक छत्री खाली उतरते आणि संध्याकाळी एक छत्री वर चढते, एवढंच निष्पन्न झालं. आमचे सेक्रेटरी काटेकोर आहेत. त्यांनी सभेच्या इतिवृत्तात ‘संशयित छत्री’ अशी नोंद केली, आणि ती नोंद अजून तशीच आहे.

गंमत म्हणजे तो कॅमेरा बसवला हिराजीनेच. भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या गल्ल्या, गोदामं, सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने, शाळेचं फाटक, जिथे जिथे म्हणून कॅमेरा डोळे वटारून बसला आहे, तो बहुधा हिराजीच्याच हातचा. त्या कॅमेऱ्यांना जोडणारी फायबरची केबलही त्यानेच ओढलेली.

“अरे हिराजी,” मी एकदा म्हटलं, “सगळ्या गावाला पडद्यावर आणतोस आणि स्वतः छत्रीखाली?”

“मास्तर, बीम जोडनारा मानूस कधी कापडात दिसतो का?”

मी मास्तर नाही. नारपोलीच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, आणि हे मी हिराजीला वीस वर्षांच्या शेजारात अनेकदा सांगितलं आहे. पण ज्याच्या भोवती चारपेक्षा जास्त पुस्तकं असतात तो मास्तर, अशी त्याची व्याख्या आहे.

हिराजी मूळचा दिघाशीचा. मिसरूड फुटायच्या आत भिवंडीत आला आणि पॉवरलूमवर लागला. तीस वर्षं त्याने बीम जोडले. हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लूमवर उभ्या ताण्याचं सूत एका मोठ्या रुळावर गुंडाळलेलं असतं, तो बीम. एक बीम संपला की दुसरा चढवतात. जुन्या बीमच्या प्रत्येक तारेचं टोक नव्या बीमच्या त्याच क्रमाच्या तारेला जोडावं लागतं. अशा हजारो तारा. बोटांना राख लावायची, दोन टोकं धरायची, गाठ मारायची, पुढे सरकायचं. हिराजीचे डोळे मिटलेले असले तरी त्याची बोटं गाठ मारत असत. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात, की लग्नानंतरची पहिली काही वर्षं तो झोपेत त्यांच्या साडीच्या पदराच्या दशा एकमेकींना बांधून ठेवत.

मग लूम भंगारात जाऊ लागले. हिराजीच्या शेडमधलेही गेले. तो एका केबलवाल्याकडे तारा ओढायच्या कामाला लागला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तो पराक्रम केला ज्याची कथा भिवंडी तालुक्यातले केबलवाले अजून एकमेकांना सांगतात.

झालं असं. गोदामाकडे निघालेल्या एका उंच ट्रकने रस्त्यावरची फायबरची केबल तोडली. ती जोडणारा कारागीर कल्याणहून यायचा होता. हिराजीने तुटलेलं टोक हातात घेतलं, काळं आवरण सोललं. आत केसाएवढ्या बारीक रंगीत बारा तारा. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. तो केबलवाल्याला म्हणाला, “यासाठी कल्यानवरनं मानूस? ह्या तं सूत हाय!”

रस्त्याच्या कडेला मांडी घालून त्याने बोटांना राख लावली. राखेची डबी तेव्हाही त्याच्या खिशात असे. काचेच्या चार तारा तुटल्या. उरलेल्या आठांना त्याने इतक्या हलक्या हाताने विणकराच्या गाठी मारल्या, की त्या शाबूत राहिल्या. वरून चिकटपट्टी गुंडाळून त्याने जाहीर केलं, “चालू करा.”

काहीही चालू झालं नाही.

कल्याणचा कारागीर आला, त्याने चिकटपट्टी सोडली आणि रस्त्यावरच बसून हसला. मग भिंग काढून त्या आठ गाठी बराच वेळ पाहत राहिला. “काका,” तो म्हणाला, “दहा वर्षं या धंद्यात आहे. काचेला गाठ मारलेला माणूस पाहिला नाही. पण उजेडाला गाठ चालत नाही हो. टोकाला टोक भिडवावं लागतं.” आणि त्याने हिराजीला शिकवायला घेतलं.

‘उजेडाला गाठ चालत न्हाय’ हे वाक्य तेव्हापासून हिराजीचं झालं. शेलार गावात कुणाच्या सोयरिकीत मध्यस्थ फार झाले, की तो मान हलवून हेच म्हणतो.

त्याचं दुसरं पेटंट वाक्य म्हणजे ‘लॉस किती?’ फायबर जोडायचं एक छोटं मशीन असतं. काचेची दोन टोकं त्यात समोरासमोर ठेवायची, मशीन ठिणगी पाडून ती वितळवून एक करतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं, या जोडात किती उजेड वाया गेला त्याचा. तो लॉस. शून्य पॉईंट शून्य दोन आला की हिराजी मशीनला नमस्कार करतो. शून्य पॉईंट शून्य शून्य आला तर मात्र परत जोडतो. “एकदम शून्य दाखवला तं मशीन खोटा बोलतंय. एवढा तेवढा लॉस सगल्यात असतो.”

या मापाने तो सगळं जग मोजतो. लग्नाहून आला, की म्हणतो, “जेवन चांगला व्हता. पन सासरा आन् जावय, मधी लॉस हाय.” नेत्याचं भाषण ऐकून आला, की, “फुल लॉस. इकडनं लय सोडतोय, तिकडं काय पोचंना.” वहिनींनी त्याला बाजारात पाठवलं आणि तो मेथीऐवजी शेपू घेऊन आला, तर त्या दारातूनच मला ऐकू येईल अशा बेताने विचारतात, “आज लॉस किती झाला हो?”

काम शिकल्यावर महिन्याभरात तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. “मास्तर, ह्या काचेच्या सुताचा इतिहास पायजे. कोनाच्या डोक्यात आला पयला?”

आमच्या वाचनालयात इतिहास म्हणजे किल्ले. काचेच्या सुतासाठी मला बरीच शोधाशोध करावी लागली. मी वाचत गेलो आणि त्याला सांगत गेलो. दीडएकशे वर्षांपूर्वी कुणी तरी लोकांना दाखवलं होतं, की भांड्याच्या भोकातून पाण्याची धार सोडली आणि मागून दिवा धरला, तर उजेड त्या धारेबरोबर वाकतो. धारेच्या आतल्या कडेला आपटत आपटत तो खाली येतो, बाहेर निसटत नाही.

हिराजीचा ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकची बाटली, खिळा, टॉर्च आणि बादली घेऊन वाचनालयात आला. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी आधी नाराजी दाखवली, मग खुर्च्या सरकवल्या, आणि शेवटी एकाने उठून खिडक्याही लावल्या. बाटलीतून बारीक धार पडू लागली. हिराजीने मागून टॉर्च लावला आणि धारेखाली तळहात धरला. तळहातावर उजेडाचा एक थेंब नाचत होता. बाटली रिकामी होईपर्यंत तो हात तसाच धरून उभा होता. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली तरी त्याला पत्ता नव्हता.

पुढची अडचण काचेची होती, हेही मी सांगितलं. काचेचे तंतू करता येत होते, पण त्यांत शिरलेला उजेड थोड्याच अंतरावर विझायचा. जाणकारांनी ठरवून टाकलं, की काच या कामाची नाही. मग एक माणूस म्हणाला, दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. मळ काढा, उजेड कोसच्या कोस जाईल. लोकांना ते पटेना. तो काच करणाऱ्यांची दारं ठोठावत फिरला, शुद्ध काच करून द्या म्हणून.

“विणकर व्हता का तो?”

“नाही रे. शास्त्रज्ञ.”

“मंग त्याचा बापूस असंल,” हिराजी ठामपणे म्हणाला. “सुतातला कचरा काढल्याबिगर तार चालत न्हाय, हा घरात बघितल्याबिगर कलत न्हाय.”

कॅमेऱ्याची पाळी आली तेव्हा तो एक बिघडलेला कॅमेरा खोलूनच घेऊन आला. लेन्सच्या मागे नखाएवढी चकचकीत चकती. मी पुस्तकातलं सांगितलं: हिच्यावर उभ्या-आडव्या रांगांत लाखो बारीक खड्डे आहेत. ज्या खड्ड्यात जेवढा उजेड पडेल तेवढी वीज साठते. मग प्रत्येक रांग आपली वीज पुढच्या रांगेच्या हवाली करते. आग विझवताना माणसं बादल्या हातोहात देतात ना, तशी. शेवटच्या रांगेत एकेक बादली मोजतात, आणि त्या मोजणीचं चित्र होतं. आताच्या कॅमेऱ्यांत मोजायची तऱ्हा जरा वेगळी आहे, पण पहिला शोध हा.

हिराजी भिंगातून पाहत राहिला. मग म्हणाला, “ह्याचा रीड किती, पीक किती?”

कापडाचा पोत मोजायची ही भाषा. इंचात उभ्या तारा किती, आडव्या किती. मला हसू आलं, पण हसून झाल्यावर लक्षात आलं, की प्रश्न बिनचूक आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सल म्हणजे उभ्या रांगा गुणिले आडव्या रांगा, दुसरं काही नाही. तेव्हापासून हिराजी मुंबईच्या दुकानात कॅमेरे घ्यायला जातो तेव्हा रीड आणि पीक विचारतो. पहिल्या खेपेला दुकानदाराने त्याला आदराने कापडबाजाराचा रस्ता दाखवला होता.

“आन् रंग?” त्याने विचारलं.

“चकतीला रंग कळत नाही. फक्त कमी उजेड आणि जास्त उजेड. रंगासाठी वर बारीक रंगीत चौकड्या बसवतात. निम्म्या हिरव्या, बाकी लाल आणि निळ्या.”

हिराजीचा चेहरा एकदम उजळला. भिवंडीचे लूम कोरं कापड विणतात; रंग पुढे, दुसरीकडे चढतो. “म्हंजे आपलाच माल!” त्याने टेबलावर थाप मारली. “कोरा! रंगवाले नंतर!”

मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. काचेच्या तंतूवाला आणि ही चकती काढणारे दोघे, यांना नोबेल पारितोषिक एकाच वर्षी, वाटून मिळालं. हिराजीला हे फार योग्य वाटलं. “सूत आन् कापड. येगला कसा देतील?” मग त्याने विचारलं, “चकतीवाले दोघं व्हते?”

“दोघं. म्हणतात, एका दुपारी फळ्यापुढे बसून गप्पा मारता मारता तासाभरात आराखडा मांडला.”

“समोरासमोर बसले व्हते?”

“ते काही लिहिलेलं नाही.”

“समोरासमोरच बसले असनार,” तो म्हणाला, आणि खोललेला कॅमेरा उचलून निघाला. त्याच वेळी मी ओळखलं, की हा मुख्तारबद्दल बोलतो आहे.

बीम जोडायला दोघं लागतात. एक डाव्या कडेने सुरू करतो, एक उजव्या कडेने, आणि मधोमध भेटतात. हिराजी कायम डावीकडे. उजवीकडे मुख्तार, उत्तर प्रदेशातल्या विणकरांच्या गावातून आलेला. तीस वर्षं दोघं एकाच बीमच्या दोन टोकांना बसले. तोंडाने मराठी-हिंदीतून एकमेकांची खेचायची, हाताने गाठी मारायच्या, आणि मधे भेटले की चहा. ज्याचा हात मधोमध आधी पोचेल, त्याला चहा दुसऱ्याने पाजायचा. हिराजी सांगतो की तोच जास्त वेळा पोचायचा. मुख्तारची बाजू मला कधी ऐकायला मिळाली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी एक दिवस दोघांचे हात मधे भेटले आणि एक तार उरली. एकच. याचा अर्थ, कुठे तरी एक तार गाळली गेली, आणि तिथून पुढची प्रत्येक तार शेजारणीच्या तारेला जोडली गेली. सगळं उसवून पुन्हा. मुख्तारला तेव्हा अंधूक दिसू लागलं होतं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मालक बाहेर उभा, माल अडलेला. हिराजी सगळ्यांच्या देखत ओरडला, “मुख्तार, तेरी आँख गई! अब घर जा!”

दुसऱ्या दिवशी मुख्तार खरंच घरी गेला. गावी. राखेची डबी आपल्या स्टुलावर ठेवून.

“फोन कर की,” मी म्हणायचो.

“काय बोलू?”

फोन न करता त्याने जे केलं, ते फक्त हिराजीच करू जाणे. शेडमधला शेवटचा लूम भंगारात जाऊ न देता त्याने मालकाकडून मागून घेतला. त्याच्यावर कॅमेरा बसवला, आवाजासकट. मुख्तारच्या मुलीला, झुबेदाला, कुणाकडून तरी निरोप पाठवून तिच्या मोबाइलवर ते चित्र दिसेल अशी सोय केली. दोन वर्षं झाली, रोज चार वाजता तो जिथे असेल तिथून उठतो, शेडमध्ये जातो, अर्धा तास लूम चालवतो आणि येतो. तिकडे मुख्तार मोबाइल कानाशी आणि डोळ्याशी धरून बसतो. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला नाही म्हणायचा. आपल्याशी तो एक शब्द बोलत नाही, आणि आपणही कॅमेऱ्याला छत्रीखालचं तोंड दाखवत नाही, असा हिराजीचा शिरस्ता.

“त्याला लूम दाखवतो, तोंड न्हाय.”

आता त्या दिवसाकडे येतो.

आमच्या वाचनालयाच्या वाचनकक्षात कॅमेऱ्यांचं नियंत्रण केंद्र उघडायचं ठरलं होतं. वर्तमानपत्रांची दोन टेबलं गेली आणि तिथे सहा पडदे आले. ज्येष्ठ नागरिकांना सांगण्यात आलं, की आता त्यांना गावातल्या बातम्या छापून यायच्या आधीच दिसतील. नगरसेवक अप्पासाहेबांनी रस्त्यावर स्वागतकमान उभारली. तीवर अप्पासाहेबांचे तीन चेहरे होते, एक हसरा, एक गंभीर आणि एक मोबाइलवर बोलणारा. खाली ‘नारपोलीचे दृष्टिदाते’ असं लिहिलं होतं. मोठे पाहुणे साडेतीनला येणार होते.

सकाळी जिन्यात हिराजी भेटला. छत्री मिटायचीही विसरला होता.

“मास्तर, मुख्तारचा ऑपरेशन झाला काल. पोरीनं मनवला. आज चारला पट्टी खोलनार. डाक्टरला बोलला, पयला लूम बघनार, मंग दुसरा काय ते.”

“मग आज तरी समोर जा.”

“न्हाय,” तो म्हणाला. “त्यानी लूम मागितला हाय.”

तीन वाजून गेल्यावर कमान एका बाजूला कललेली आढळली. तीन चेहऱ्यांपैकी गंभीर चेहरा गटाराकडे झुकला होता. मंडपवाल्यांनी घाईने आणखी एक बांबू रोवायचं ठरवलं आणि पहार मारली. पहार थेट जमिनीतल्या केबलवर बसली. सहाही पडदे काळे. शेडची तारही त्याच केबलमध्ये होती.

पाहुणे स्टेजवर चढत असताना हिराजी खड्ड्यात उतरला. अप्पासाहेब खड्ड्याच्या काठाशी, शेरवानीचं टोक सावरत. “हिराजी, नियंत्रण केंद्राच्या तारा कुठल्या?”

“निली, नारिंगी, हिरवी.”

“मग त्या आधी!”

मी हिराजीचं काम पुष्कळदा पाहिलं आहे. तो नेहमी निळीपासून सुरू करतो. बीमची डावी कड म्हणजे निळी, असं त्याचं गणित. निळीशिवाय दुसरी तार त्याने आधी हातात घेतली, असं कधी झालं नाही. त्या दिवशी त्याने बारा तारा बोटांवर पसरल्या, क्षणभर पाहिल्या, आणि अगदी उजव्या टोकाची, शेवटची, आकाशी रंगाची तार उचलली.

ती शेडची. मुख्तारच्या कडेची.

त्याने ती सोलली, पुसली, कापली, मशीनमध्ये ठेवली. ओठ काही तरी पुटपुटत होते. ठिणगी पडली. शून्य पॉईंट शून्य दोन. त्याने मशीनला नमस्कार केला, छत्री उचलली आणि खड्ड्यातून बाहेर आला. चारला दहा कमी होते.

“कुठे चाललास?” अप्पासाहेब किंचाळले. “पाहुणे स्टेजवर आहेत!”

“पावने बोलतील अजून तासभर,” हिराजी चालता चालता म्हणाला. “बोलायला कुठं उजेड लागतो?”

हे खरं ठरलं. सहा काळ्या पडद्यांपुढे पाहुण्यांनी दूरदृष्टी या विषयावर सुरुवात केली. मी सत्काराच्या यादीत चौदावा होतो. तेरा शाली जायच्या आत परत येईन, असा हिशेब करून मी मागच्या दाराने निसटलो.

शेडमध्ये एकच लूम खटाखटा चालला होता. बाकी सगळी मोकळी फरशी, उखडलेल्या लूमच्या खुणांसकट. बीमच्या उजव्या बाजूला रिकामं स्टूल, त्यावर राखेची डबी. हिराजी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, खांबाआड, उघडी छत्री धरून उभा. मी दारातच थांबलो.

चार वाजता त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

“चाचा, पट्टी खुल गई,” झुबेदाचा आवाज. “अब्बा देख रहे हैं.”

लूम चालत होता. मग पाच वर्षांत पहिल्यांदा तो आवाज आला. जाडाभरडा, थोडा चिडका.

“बंद कर.”

हिराजीने धावत जाऊन लूम बंद केला आणि परत खांबाआड आला. शेड एकाएकी इतकी शांत झाली, की बाहेर रस्त्यावरच्या लाउडस्पीकरमधून ‘दूरदृष्टी’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला.

“लूम तो दो साल से कान से देख रहा हूँ,” मुख्तार म्हणाला. “आँख क्या लूम के लिए बनवाई? सामने आ.”

हिराजी खांबाला आणखी चिकटला.

“झुबेदा बोलती है, रोज एक छतरी आती है, लूम चलाती है, चली जाती है. मैं बोला, बेटी, अपना हिरा छतरी कब से हो गया? चल, बंद कर उसको.”

हिराजीने छत्री मिटली. ती खांबाला टेकवून ठेवली. मग तो कॅमेऱ्यासमोरून, मान खाली घालून चालत गेला आणि बीमच्या डाव्या बाजूला, आपल्या जागी बसला. हात मांडीवर. त्याने वर पाहिलं.

“बुड्ढा हो गया बे,” मुख्तार म्हणाला.

“तू भी.”

“मेरा चेहरा किधर दिख रहा तेरेको?”

“आवाज से समझता.”

मुख्तार हसला, खोकला. मग म्हणाला, “वो बीच में एक तार बची थी. किधर छूटी थी, मिला?”

हिराजीने ओठ आवळले. राखेच्या डबीकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता उठून छत्री घेणार.

“मेरी बाजू में,” तो म्हणाला. “तेरी बाजू पूरी खोली, एक भी गलती नहीं. फिर मेरी खोली. शुरू में ही, किनारे के पास. तब तक तेरी गाड़ी निकल गई थी.”

छत्रीचं कोडं मला त्या क्षणी सुटलं. पाच वर्षं हा माणूस एवढं एक वाक्य घेऊन जिने चढत-उतरत होता.

“मेरेको मालूम था,” मुख्तार म्हणाला.

“मालूम था? तो बोला क्यों नहीं?”

“तू सबके सामने बोल चुका था. मैं भी सबके सामने बोलता, तो तेरा मुँह क्या रहता? और आँख तो जा ही रही थी, हिरा. तेरी बात सही थी, दिन गलत था.” मग आवाज पुन्हा चिडका झाला. “अब बैठा क्यों है? चालू कर. चाय तेरे ऊपर बाकी है, वो भी याद रख. ज्यादा बार मैं पहुँचता था बीच में.”

“झूठ मत बोल!” हिराजी उसळून उभा राहिला. “झुबेदा, तेरा बाप झूठ बोलता है!”

मी तिथून निघालो. त्यांचं ते भांडण बराच वेळ चालणार होतं आणि ते ऐकायचा अधिकार माझा नव्हता. वाचनालयात परतलो तेव्हा अकरावी शाल चालू होती. पाहुण्यांनी बटण दाबलं, काळे पडदे काळेच राहिले, टाळ्या मात्र भरपूर पडल्या. पाच वाजता हिराजी आला, खड्ड्यात बसला आणि उरलेल्या अकरा तारा जोडल्या. या वेळी निळीपासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरत होतो, तो पेपर घेऊन वर येत होता. छत्री नव्हती. पहिल्या मजल्याच्या वळणावर आम्ही समोरासमोर आलो.

“काय हिराजी,” मी विचारलं, “जोड कसा झाला? लॉस किती?”

तो एक पायरी चढला, थांबला. हा प्रश्न तो लोकांना विचारतो. त्याला कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. त्याने पेपरची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली.

“पाच वर्सं,” तो म्हणाला.

मग कॅमेऱ्याखालून जाताना सवयीने त्याचा उजवा हात तोंडापुढे वर गेला. हातात काही नव्हतं. त्याने हाताकडे पाहिलं, तो खाली घेतला, आणि वर गेला.